मुलांच्या शिबिराला सहा दिवस सेवेला जाताना: आधी वॉर्डनताईंना फोन लाव

सलाम बाळा. तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तू २३ वर्षांचा, हिंजवडीला नोकरीला, तुमच्या चर्चच्या तरुण संघाची बारा जणांची टीम दिवाळीच्या सुट्टीत नगर जिल्ह्यातल्या एका बोर्डिंगमध्ये मुलांचं सहा दिवसांचं शिबिर घ्यायला चाललीये, तुझी पहिलीच वेळ, गाता येत नाही, गोष्ट सांगता येत नाही, आणि ऑफिसमधला मित्र म्हणाला की असल्या मिशन ट्रिप म्हणजे फोटो काढायची पिकनिक, तर मावशी माझा तिथे उपयोग काय आणि तयारी काय करू. शिवाय अमेरिकेतली तुझी आतेबहीण त्याच दिवसांत येतेय, तिलाही सोबत न्यायचंय.

मी पुण्यात ३० वर्षं स्टाफ नर्स होते आणि १९९८ पासून अशा शिबिरांना जातेय, आधी फर्स्ट एडची पेटी सांभाळायला म्हणून गेले आणि मग तिथलीच झाले, गेली बरीच वर्षं टीम घेऊन जायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे जे लिहितेय ते केलेलं, चुकलेलं आणि दुरुस्त केलेलं आहे.

तुझ्या मित्राचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस पण झटकूनही टाकू नकोस. पिकनिक होऊ शकते, मी बघितलीय. ती कधी होते, तर टीमला वाटतं की आपण मुलांसाठी शिबिर घ्यायला आलोय. तसं नसतं रे. त्या मुलांना उठवणारी, जेवू घालणारी, ताप आला तर रात्री कपाळावर पट्ट्या ठेवणारी एक ताई तिथे वर्षाचे ३६५ दिवस असते, तिला वॉर्डन म्हण, मेट्रन म्हण, मुलं ताईच म्हणतात, आणि तू तिच्या हाताखाली सहा दिवस चाललायस. तू गेल्यावर मुलांनी तुझी आठवण काढून रडलं पाहिजे असं नाही, तू गेल्यावर त्यांनी ताईकडे जास्त विश्वासाने बघितलं पाहिजे. मी टीमला दर वर्षी एवढं एकच शिकवते, बाकी सगळे नियम त्यातूनच निघतात.

म्हणून तयारी कुठून सुरू करायची तर ताईंना फोन लावण्यापासून. टीम लीडरने लावायचा, बारा जणांनी बारा फोन नाही. "आम्ही हे हे घेऊन येतोय" असं नाही सांगायचं, "या दिवसांत तुम्हाला कशाची मदत लागेल" असं विचारायचं, आणि मग गप्प बसून ऐकायचं, कारण पहिल्यांदा त्या "या हो, सगळं आहे" असंच म्हणणार, पाहुण्यांना कोण अडचण सांगतं. दुसऱ्यांदा विचारलं की मग हळूच निघतं, की स्वयंपाकवाल्या मावशी दिवाळीला गावी जाणारेत, मोठ्या मुलींच्या बाथरूमची कडी तुटलीये, नववीच्या दोघी गणितात मागे पडल्यात. हे लिहून घ्यायचं. तुमचं शिबिर इथून तयार होतं.

आता मुलं कोण ते समजून घे, हे बऱ्याच शहरातल्या टीमला माहीतच नसतं. दिवाळीच्या सुट्टीत बोर्डिंग रिकामं व्हायला हवं ना, मग मुलं तिथे कशी? नगर, बीड या पट्ट्यातली बरीच माणसं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादम गाड्या भरतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात त्यामुळे थांबता येत नाही, आणि मग पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर ते मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे दिवाळीत या पोरांच्या घराला कुलूप असतं, किंवा घरात फक्त म्हातारी आजी. ज्यांना मामा-काका आहेत ती जातात, उरलेली बोर्डिंगमध्ये राहतात आणि बाकीच्या पोरांच्या बॅगा भरताना बघत बसतात. तुझं शिबिर या उरलेल्यांसाठी आहे. काही मुलांना आई किंवा वडील एकच असतं, काही बालकल्याण समितीमार्फत आलेली असू शकतात. कोण कुठलं हे तू विचारायचं नाही. "तुझे मम्मी-पप्पा काय करतात?" हा आपल्याकडे ओळख काढायचा साधा प्रश्न आहे पण तिथे तो पहिल्या दिवशी अजिबात नको. नाव विचार, आणि नाव पाठ कर. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नावाने हाक मारलीस की अर्धं काम झालं.

गाता येत नाही म्हणालास, त्यावर एक खरी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्यात एक मुलगा होता, अगदी बुजरा, पुढे उभं राहायचं म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे. ऐन थंडीचे दिवस, तिकडे पहाटेची थंडी आपल्या पुण्यापेक्षा बोचरी असते, आणि पन्नास-साठ मुलांच्या आंघोळीला पाणी तापवायला एकच बंब. आदल्या वर्षीपर्यंत ताई चारला उठून तो पेटवायची. या मुलाने पहिल्या दिवशी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पावणेचारला तिच्या आधी तिथे जाऊन बसला. पेटवता येत नव्हता, नुसता धूर झाला, डोळे चोळत बसला होता, तेव्हा सातवीतला एक पोरगा आला आणि त्याला शिकवलं, की आधी चिपाड्या घाला, मग बारीक काटक्या, मोठं लाकूड नंतर, आणि खालची राख काढल्याशिवाय ओढ लागत नाही. पुढचे सगळे दिवस ते दोघं बंबाजवळ. मुलं ओळीने बादल्या घेऊन यायची, हा प्रत्येकाच्या बादलीत हात घालून बघायचा जास्त कढत तर नाही ना, आणि मग नाव घेऊन "चल, पळ" म्हणायचा. त्याला नाव पडलं बंबदादा. ताई मला म्हणाली, "सिस्टर, किती वर्षांनी मी सहापर्यंत झोपले." त्या वर्षीचं सगळ्यात मोठं काम कुठलं झालं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते. तो मुलगा प्रवचन एकदाही बोलला नाही, पण येशूने शिष्यांचे पाय धुतले ते त्याला समजलेलं होतं.

गोष्ट सांगण्याचंही तसंच आहे, येत नाही असं काही नसतं, आपण ऐकत नाही ही खरी अडचण असते. एका शिबिरात आमची एक मुलगी लूकच्या १५ व्या अध्यायातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होती, चित्रं चिकटवायचा कापडी फ्लॅनेल बोर्ड वगैरे छान तयारी, कापसाची मेंढरं चिकटवलेली. तर एक धनगराचा पोरगा, आठ-नऊ वर्षांचा, मध्येच म्हणाला, "अन् बाकीची नव्व्याण्णव रानात एकलीच सोडली? लांडगा नाय का येणार?" ती गडबडली, म्हणाली ते महत्त्वाचं नाहीये, पुढे ऐक. पोरगा गप्प झाला आणि मग तो तिथे नव्हताच, बसला होता नुसता. दुपारी मी त्याला विचारलं, तुझ्या आबांचं मेंढरू चुकलं तर ते काय करतात रे? आणि तो काय बोलायला लागला! वाड्यात, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, चार-पाच घरं असतात, रात्री मेंढरांभोवती वाघर म्हणजे जाळी लावतात, कुत्री असतात, एकाचं मेंढरू चुकलं तर दुसरा त्याची राखतो आणि तो शोधायला जातो, आणि सापडलं की पायाला लागलेलं असलं तर खांद्यावर घेऊन येतो, चालवत नाही. संध्याकाळी गोष्ट आम्ही परत सांगितली, या वेळी त्यानेच सांगितली, आम्ही नुसतं शेवटी दोन वाक्यं जोडली. मी इतकी वर्षं ती गोष्ट ऐकतेय, पण "चालवत नाही" हे मला त्या दिवशी कळलं. तर तू जाण्याआधी गोष्टी पाठ करूच नकोस, पाच गोष्टी नीट वाच, आणि प्रत्येकीत मुलांना विचारण्यासारखा एक प्रश्न शोधून ठेव ज्याचं उत्तर तुला माहीत नाही पण त्यांना माहीत असेल.

भाषा मराठीच ठेवा. पुण्याच्या तरुण संघाची सवय मला माहितीये, गिटार काढली की इंग्रजी आणि हिंदी वर्शिप सुरू. मुलं टाळ्या वाजवतात, कळत काही नाही. ढोलकी, टाळ, खंजिरी न्या. रेव्हरंड ना. वा. टिळक याच नगरला राहून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अभंग आणि कीर्तनाच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी करत होते, त्यांना समजलं होतं की आपल्या माणसाच्या कानाला काय गोड लागतं, आणि त्यांची भजनं बोर्डिंगच्या पोरांना तुमच्यापेक्षा जास्त येत असतील, तर तीच त्यांच्याकडून शिका. काही मुलांची घरची भाषा वेगळी असेल, लमाण तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी बोलतात, ती सुरुवातीला गप्प वाटतात, मठ्ठ नसतात. खेळांसाठी काही विकत आणू नका. लगोरी, विषामृत, डब्बा ऐसपैस, लंगडी, शिवाजी म्हणतो, मामाचं पत्र हरवलं, एवढ्यात सहा दिवस निघतात. क्राफ्टचं सामान मात्र इथूनच न्या, बोहरी आळीत घाऊक मिळतं, घोटीव कागद, कार्डशीट, आइसक्रीमच्या काड्या, फेविकॉलचा मोठा डबा, आणि कात्र्या बोथट टोकाच्या. मुलांच्या संख्येपेक्षा दहा सेट जास्त घ्या, शेजारच्या वस्तीतली पोरं येऊन दारात उभी राहतातच.

आता नियम. इथे मी जरा कडक लिहिणार आहे, कारण यात चूक झाली तर ती भरून येत नाही.

कुठल्याही मुलासोबत किंवा मुलीसोबत बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही, प्रार्थना करायलासुद्धा नाही. मूल रडत असेल, बोलायचं असेल तर व्हरांड्यात, अंगणात, सगळ्यांना दिसेल असं बस. आमच्याकडे आठ मुलांमागे दोन मोठी माणसं असतात, त्यातली एक बाई, आणि रात्री मुलींच्या खोलीकडे फक्त बायका. मांडीवर घेणं, गुदगुल्या, गळ्यात पडणं हे सगळं मूल आपणहून करतं, विशेषतः लहान पोरं, त्यांना स्पर्शाची भूक असते. ढकलायचं नाही, पण हळूच बाजूला बसवून खांद्यावर हात ठेवायचा. आपल्या मोबाइलमध्ये मुलांचे फोटो काढायचे नाहीत. टीममध्ये एकानेच, ताईला विचारून, लागतील तेवढेच काढायचे आणि तेही रिपोर्टसाठी. स्टेटसला "माझी छोटी एंजल्स" असं टाकायचं अजिबात नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई आहे, आणि कायदा बाजूला ठेव, तू स्वतः दहा वर्षांचा असताना कोणी तुझा फाटक्या शर्टातला फोटो चारशे अनोळखी लोकांना दाखवला असता तर?

कधीकधी मूल तुला काहीतरी सांगेल. पाहुण्यालाच सांगतात, कारण तो जाणार असतो. कोणी मारतं, कोणी नको तिथे हात लावतं असं सांगितलं तर चेहरा शांत ठेव, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नकोस, खोदून खोदून विचारू नकोस, "तू सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हण आणि त्याचेच शब्द वहीत लिहून ठेव. मग त्याच दिवशी टीम लीडरला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या किंवा तसा संशय आलेल्या प्रत्येक माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे आणि त्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, फोन फुकट लागतो. मी वर म्हटलं की ताईच्या हाताखाली राहायचं, पण तक्रार जर बोर्डिंगमधल्याच कोणाबद्दल असेल तर ताईला, पाळकांना, चर्चच्या कमिटीला आधी विचारत बसायचं नाही. चर्चचं नाव खराब होईल हा विचार मनात येईल, सगळ्यांच्याच येतो, तो बाजूला ठेवायचा. आपल्या प्रभूने लहानग्यांना अडखळवणाऱ्याबद्दल जेवढं कडक बोललंय तेवढं दुसऱ्या कशाबद्दल क्वचितच बोललंय.

विश्वासाबद्दल पण मोकळेपणाने लिहिते. मला वाटतं की प्रत्येक मुलाने येशूचं प्रेम ओळखावं, त्यासाठीच मी जाते, लपवण्यासारखं काही नाही. पण बोर्डिंगमध्ये सगळी मुलं ख्रिस्ती घरातली नसतात, निम्मी-अधिक दुसऱ्या घरातली असू शकतात, आणि त्यांच्या आईबापांनी फडावर जाताना विश्वासाने सोडलेली असतात. शिबिरात बायबलच्या गोष्टी असणार आहेत हे आईवडिलांना आधी माहीत हवं आणि त्यांची लेखी संमती ताईंकडे हवी, ती नसेल तर ते मूल खेळ आणि क्राफ्टला येईल, गोष्टीच्या वेळी त्याला दुसरं काहीतरी छान काम द्यायचं, शिक्षा वाटेल असं नाही. आणि शेवटच्या दिवशी "कोणाकोणाला येशू पाहिजे, हात वर करा" हे आम्ही कित्येक वर्षांपूर्वी बंद केलं. टीममधल्या काहींना ते आवडलं नव्हतं. पण मी इतकी वर्षं बघतेय, दहा वर्षांचं पोर समोरच्या दादाला खूश करायला हात वर करतं, दादा हसला की त्याला बरं वाटतं, आणि तोच हात ते कोणासाठीही वर करेल. तो हात मोजून आणून मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांसमोर, साक्ष म्हणून सांगणं मला मुलाशी आणि प्रभूशी, दोघांशीही खोटं वाटतं. चॉकलेट, कंपास, कपडे असं काहीही विश्वासाशी जोडून द्यायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

तुझ्या आतेबहिणीचं इथेच सांगते. टुरिस्ट व्हिसावर येऊन धर्मप्रचाराचं काम करता येत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा हा प्रकारच वेगळा आहे. तिला शिबिरात शिकवायला उभं केलं तर त्रास तिला होईलच पण बोर्डिंगला त्याहून जास्त होईल, तुम्ही निघून याल आणि चौकशीला ताईला हेलपाटे घालावे लागतील. तिला या ट्रिपला नेऊ नकोस. पुणं दाखव, पंचहौदचं चर्च दाखव, आजीकडे ने, घरातली दिवाळीची तयारी आणि मग नाताळची बघू दे.

तब्येतीचं, कारण हे माझं खातं. प्रत्येक मुलाची ॲलर्जी, फिट, दमा, चालू औषधं यांची यादी ताईंकडून आधीच घ्यायची. आपल्या पर्समधली गोळी मुलाला द्यायची नाही, डोकेदुखीचीसुद्धा नाही, सगळी औषधं एकाच पेटीत आणि पेटी एकाच माणसाकडे, दिली की वेळ आणि मात्रा वहीत. जुलाब लागले तर ओआरएस, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात सगळं एकदम, थोडी पूड थोडं पाणी असं नाही, पाकिटावर किती पाणी ते वाचून. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा. पावसाळा संपलेला असतो, गवत वाढलेलं असतं, घोणस आणि फुरसं हे दोन्ही विषारी साप त्या भागात आहेत. रात्री बॅटरीशिवाय कोणी बाहेर जायचं नाही, सरपणात हात घालण्याआधी काठीने हलवायचं, बंबवाल्याने तर नक्कीच. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन, आणि सर्पदंशाची लस कुठल्या दवाखान्यात आहे हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारून ठेवलेलं असलं पाहिजे. डोक्यात उवा, अंगाला खरूज हे दिसेल. तोंड वाकडं करायचं नाही, सगळ्यांसमोर बोलायचं नाही, ताईला सांगायचं.

आणि दोन गोष्टी ज्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. एक, नवीन आलेलं मूल कधीकधी उशीखाली भाकरीचा तुकडा ठेवतं. मी एकदा मुंग्यांची रांग कुठे जाते बघत बघत एका उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचले होते. ओरडायचं नाही. मुंग्या झटकायच्या, आणि ताईला सांगून त्याला रात्री एक बिस्किटाचा पुडा डब्यात घालून त्याच्याजवळ ठेवू द्यायचा, खाल्ला नाही तरी चालेल, आहे एवढं त्याला कळलं की बस. दुसरी, अंथरूण ओलं होणं. दहा-बारा वर्षांच्या मुलाचंही होतं, आणि ते पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चादर गुंडाळून कुठे लपवू म्हणून उभं असतं. तू जर बंबाजवळ असशील तर तुलाच दिसेल. काही विचारू नकोस. "दे इकडे, मला पण धुवायचंय" म्हण आणि तुझा टॉवेल त्याच चादरीबरोबर भिजव.

वस्तूंचं. जुने कपडे गोळा करून नेऊ नका, चर्चमध्ये घोषणा केली की लोक अलमाऱ्या रिकाम्या करतात आणि मग ते निवडायचं काम ताईवर पडतं. एकाच मुलाला आवडला म्हणून घड्याळ, गॉगल, पैसे द्यायचे नाहीत, तू निघालास की त्यावरून मारामारी होते आणि ज्याला मिळालं त्यालाच सगळे छळतात. ताईंना विचारलं तर काय सांगतात माहितीये? बादल्या, कंगवे, ट्यूबलाइट, कॅरमच्या सोंगट्या, मोठ्या मुलींसाठी पॅड्स. ते न्या, गुपचूप ऑफिसमध्ये द्या, आणि ताईच्या हाताने वाटू दे. स्वतःच्या जेवणाखाणाचा खर्च माणशी हिशोब करून आधीच द्या, मुलांच्या रेशनमधलं खाऊ नका.

निघण्याआधीच्या एखाद्या शनिवारी टीमला केडगावला घेऊन जा, दौंडच्या गाडीने, पुण्याहून साधारण ६० किलोमीटर. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीतल्या मुली-बायका आणल्या आणि केडगावच्या शेतावर त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं केलं, छापखाना, विणकाम, शेती सगळं त्या मुलींनीच चालवलं, आणि १९२२ मध्ये त्या केडगावलाच गेल्या. आपण सहा दिवस जातो, काही माणसं अशी राहून जातात. तुमच्या बोर्डिंगची ताई त्या राहणाऱ्यांपैकी आहे, हे तिथे उभं राहून बघितलं की टीमला जास्त बोलावं लागत नाही.

आता माझी चूक सांगते, म्हणजे शेवटच्या दिवसाचा नियम इतका कडक का ते कळेल. माझं दुसरंच शिबिर होतं. दुसरीतली एक मुलगी सहाही दिवस माझ्या ओढणीचं टोक धरून फिरायची. निघताना ती रडायला लागली आणि मला बघवेना, मी म्हणाले, "रडू नको, मी नाताळला येते ना." माझ्या मनात खरंच होतं. नाताळला माझी ड्यूटी लागली, बदली मिळाली नाही, मी पत्रही टाकलं नाही, पुढच्या सुट्टीत जाऊ म्हटलं. नंतर ताईंनी सांगितलं, की नाताळच्या दिवशी ती सकाळी धुतलेला फ्रॉक घालून फाटकाच्या पायरीवर जाऊन बसली आणि जेवायला बोलावलं तरी उठली नाही, दिवे लागले तेव्हा ताईंनी उचलून आत नेली. त्यानंतर कित्येक दिवस ती ताईशीही नीट बोलली नाही, कारण "मोठी माणसं येते म्हणतात". माझ्या एका वाक्याची किंमत ताईने भरली.

म्हणून, "परत येईन" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "येणार का?" असं मुलं विचारणारच, विचारतातच, तेव्हा "मला माहीत नाही, पण ताई इथे आहे" असं खरं सांगायचं. फोन नंबर द्यायचा नाही, नंतर पत्र लिहायचं तर सगळ्यांना मिळून एक, ताईच्या पत्त्यावर. निरोप आदल्या संध्याकाळी घ्यायचा, रात्री नाही, जेवणाच्या आधी, म्हणजे नंतर जेवण असतं, झोप असते, ताईची प्रार्थना असते. सगळ्या मुलांसमोर ताईचे आभार मानायचे, नाव घेऊन, ती काय काय करते ते एकेक सांगून. बऱ्याच मुलांनी ते कधी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नसतं. आणि सकाळी निघताना मुलं नाश्त्याला बसलेली असतील अशा वेळी गाडी काढायची, ताई त्यांच्यासोबत आत असली पाहिजे, फाटकावर तुम्हाला पोचवायला नाही. एखादं पोर धावत येईलच. हात हलव, त्याचं नाव घे, आणि गाडी थांबवू नकोस.

जाताना वाघोलीचा ट्रॅफिक टाळायचा तर पहाटे पाचच्या आत निघा, चहा शिरूरला घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते घरी विचार. आणि स्वेटर सोबत घेच, बंब पेटेपर्यंत तिथे फार थंडी वाजते.